डेटा वाचवणाऱ्या पेटीचे ₹२२,०६०

₹१८,५०० पेटीचे, ₹१,२०० फिटिंगचे, ₹२,३६० 'वार्षिक लायसन्स'चे. एकूण ₹२२,०६०. त्यातले ₹५,००० यूपीआयने गेले, बाकी रोख. "बिल नको, जीएसटी वाचेल तुमचा," असं म्हणून ती पेटी विकणाऱ्याने रोख मागितली. आता लायसन्सचा आकडा बघा, दोन हजारावर अठरा टक्के. म्हणजे जीएसटी घेतला आणि बिलही दिलं नाही!

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती. फायबर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि रस्त्याच्या खोदकामात तुटलं, तेव्हापासून सिमकार्डच्या राउटरवर धंदा चालू आहे. रोजचा डेटा जेवायच्या सुट्टीआधी संपतो, मग पोर्टल गोल गोल फिरतं आणि रांगेतली माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. अशा दुकानदाराला कोणी साठ टक्के डेटा वाचवून देतो म्हटलं तर तो ऐकणारच. मला हसणाऱ्यांनी पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला माझ्या खुर्चीत एक दिवस काढून दाखवावा.

आणि त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, हेच त्याचं भांडवल. कीपॅडच्या मोबाइलवर ज्यांनी ऑपेरा मिनी वापरलं त्यांना माहीत आहे. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, तिथे आवळलं जायचं आणि बारीक होऊन आपल्या टूजीवर उतरायचं. झिप्रॉक्सी नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं, फोटोंचा दर्जा उतरवतं, मजकूर जीझिपने दाबतं. तो हे सगळं बरोबर सांगत होता, तेही अहिराणीत. "भाऊ, तुन्हा पैसा वाचतीन." आपल्या बोलीत बोलणाऱ्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही.

डेमोला त्याने स्वतःचंच एक पान उघडलं. कॅमेऱ्यातून निघाले तसेच टाकलेले मोठाले फोटो, आणि पत्त्याच्या पट्टीत 'सुरक्षित नाही' असं लिहिलेलं. पेटीच्या छोट्या स्क्रीनवर आकडा आला : बचत ७८ टक्के. मी म्हटलं, बँकेची साइट उघडा, यूट्यूब उघडा. "ते सर्टिफिकेट टाकल्यावर होईल." टाळाटाळ तिथेच सुरू झाली होती.

पण मी फसलो तो खरा क्षण तो नव्हता. पेटी कुठे ठेवायची, असं मी विचारलं. तो म्हणाला, राउटरशेजारी. मी फायली उचलून फळी रिकामी करून दिली, वर फडकंही मारलं. ती फळी रोज डोळ्यांसमोर असते आणि रोज डोकं तापतं. अहो, सिमचा डेटा राउटरपर्यंत येतानाच मोजला जातो! त्यानंतर माझ्या टेबलावर तो कितीही दाबा, काय वाचणार? सावद्याहून निघालेली केळी दिल्लीत उतरवल्यावर दांडे छाटले तर गाडीभाडं कमी होतं का? दाबणारा सर्व्हर पलीकडे पाहिजे, महागड्या जोडणीच्या अलीकडे नाही. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

सर्टिफिकेटचा प्रकार तर पैशांपेक्षा वाईट. आज जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहेत. प्रॉक्सीला, म्हणजे मध्ये बसून पानं आणून देणाऱ्या अशा पेटीला, फक्त कुलूपबंद बाइट जाताना दिसतात, ते दाबता येत नाहीत. दाबायचे तर कुलूप फोडावं लागतं, म्हणून स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझर ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो ते ओळखपत्र, प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकायचं. ते टाकण्याआधी ब्राउझरने लाल पान दाखवलं, त्याने माझ्यादेखत पुढे जा दाबलं. म्हणजे त्यानंतर माझ्या दुकानात लोकांनी भरलेले आधार नंबर, बँकेचे पासवर्ड त्या पेटीत उघडे होत होते. कुठे गेले, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. कोणी असं काही टाकलं असेल तर आज काढा, विंडोजच्या ट्रस्टेड रूटच्या यादीतून आणि फायरफॉक्समधून वेगळं, कारण फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवतो. मग पासवर्ड बदला.

रिचार्ज आधीइतकंच लागत होतं, स्क्रीनवर मात्र ६१ टक्के बचत. भाच्याने पेटीची नेटची वायर काढली, तरी आकडा वाढतच होता. उघडली तर आत जुन्या मिनी कॉम्प्युटरचा बोर्ड आणि तेच फुकटचं सॉफ्टवेअर, ज्याला लायसन्सचा एक रुपया लागत नाही.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, लोकांचे पासवर्ड? ते म्हणाले, कोणाचे पैसे गेलेत का, गेले की या. सायबरवाल्यांकडे गेलो, तर ओटीपी दिला होता का, लिंक दाबली होती का, हेच. नाही म्हटल्यावर त्यांच्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी रकानाच उरला नाही. प्रॉक्सी म्हणजे काय हे मी कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद त्यांनी अर्जाला जोडला आणि पोच मात्र दिली नाही. बँक म्हणते, ₹५,००० तुम्हीच पाठवलेत. एका कार्यालयात तर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. हे त्यांनी मला सांगायचं की मी त्यांना? पगार कोणाला मिळतो?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. बिल नसेल तर एक रुपया देऊ नका. डेटा वाचवायचा तर विंडोजमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) करा, अपडेट रात्री सोडा, व्हिडिओचा दर्जा ४८० वर आणा, जाहिराती अडवा; यातल्या कशालाही पेटी विकत घ्यावी लागत नाही. पानं सर्व्हरवर दाबून डेटा वाचवणारी क्रोममधली सोय गूगलनेसुद्धा २०२२ मध्ये बंद केली.

तो आता शहाद्याकडे फिरतोय, असं कळलं. पेटी काळी आहे, वर हिरवा दिवा. दुकानात आला तर डेमो त्याच्या पानावर घेऊ नका, तुमच्या सिमचा शिल्लक डेटा आधी आणि नंतर मोजा, आणि तो बोलत असतानाच पेटीची नेटची वायर ओढा.