हाडासकट दळलेलं म्हणून विकलं, आणि पाकिटात हाडच नव्हतं

माझे ५४,१२४ रुपये गेले. डॉक्टरांचे ११,३५० झाले ते वेगळे. आकडा आधीच सांगून टाकते, कारण चौकीतल्या हवालदारापासून माझ्या सख्ख्या बहिणीपर्यंत सगळ्यांनी पहिल्यांदा तोच विचारला, आणि "कुत्र्याच्या खाण्यावर?" असं म्हणून पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

आमचा गोट्या लॅब्रॅडॉर आहे. मुलाने आणला, आणि दोन महिन्यांत मुलाची बदली बंगळूरला झाली. चार महिन्यांचं, तेरा किलोचं पिल्लू आमच्या दोघांच्या पदरात आलं. कोरडं खाद्य खायचा, पण दिवसभर अंग खाजवायचा, पोटाखाली लाल चट्टे उठलेले. सोसायटीतल्या एकीने मला कच्च्या आहाराच्या ग्रुपवर घेतलं. तिथे सगळी पन्नास-साठ माणसं एकच गोष्ट बोलत होती: ८०-१०-१०. म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजी, गुर्दा वगैरे. हा प्रकार खोटा नाही. कुत्र्यांना कच्चं खाऊ घालणं १९९० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने लोकप्रिय केलं आणि जगभर लोक तसं खाऊ घालतात. त्यामुळे मी काही अंगारे-धुपारे करणाऱ्याच्या नादी लागले होते असं कोणी समजू नये.

खाटकाकडून आणून घरीच का नाही केलं, हेही सगळे विचारतात. करून बघा. कोंबडीची मान, पंजे हे घरच्या मिक्सरमध्ये दळलं जात नाही, पातं तुटतं. आणि वाढत्या पिल्लाला प्रमाण चुकवून चालत नाही, म्हणूनच तर मी जाणकार माणूस शोधला.

तो माणूस घरी आला. तिशीचा, नम्र, मला काकू म्हणायचा आणि गोट्याला बाळ. ग्रुपवर त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो स्वतः कधी म्हणाला नाही की मी डॉक्टर आहे, पण नाही आहे असंही कधी म्हणाला नाही. सल्ल्याचे २,५०० घेतले. शीचा नमुना नेऊन 'पोटाची तपासणी' केली, तिचे ४,८००. थर्मोकोलच्या पेट्या आणि बर्फाच्या पिशव्यांचं परत मिळणारं डिपॉझिट ६,०००. मग महिन्याला १८ किलो याप्रमाणे सहा महिन्यांचा आहार. किलोचा भाव ४२०, पण सगळे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरले तर १० टक्के सूट, म्हणजे ३७८. झाले ४०,८२४. पैसे गेले त्याच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं तर जीएसटी लागेल काकू, उगाच तुमच्यावर बोजा."

बावीस वर्षं मी पतसंस्थेत हिशेब बघितला आहे. व्हाउचर नसेल तर चहाचे पैसेही पास करत नसे. आणि इथे मी मान हलवली.

तपासणीच्या रिपोर्टवर तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कुत्रीचं नाव होतं आणि वजन २२ किलो. विचारलं तर "टायपिंगची चूक" म्हणाला. दहा मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं. दहा मिनिटांत!

पहिली खेप चोख होती. चोख असतेच. नऊ किलो, ६०० ग्रॅमची पंधरा पाकिटं. पाकीट रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात स्टीलच्या पातेल्यात ठेवायचं, सकाळी सुटं करून द्यायचं. त्या मांसात बोटं घातली की रव्यासारखं खरखरीत लागायचं, म्हणजे दळलेलं हाड. त्यानेच दिलेला छापील कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं की हाड पोटात गेलं की कुत्र्याची शी लहान, घट्ट होते आणि वाळली की पांढुरकी पडून चुरते. तसंच झालं. चट्टेही कमी झाले. मी ग्रुपवर फोटो टाकला, लोकांना सांगितलं की पैसे वसूल आहेत. माझ्या त्या फोटोवर विश्वास ठेवून आणखी दोघांनी पैसे भरले, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

दुसरी खेप आली. तीच पांढरी पाकिटं, तोच निळा पंजा, तेच लेबल. पातेल्यात सोडलं तर तळाशी लालसर पाणी साचलं, वाटीभर. पाकिटाच्या आत एका कोपऱ्यात लाल बर्फ वेगळाच गोठलेला. मांस एकदा सुटून पुन्हा गोठवलं की असं होतं, हे कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतं. मला कळलं. बोटं घातली. गुळगुळीत. नुसता चिकट लगदा, कातडी आणि चरबी. रवा नाही, कण नाही. मी दोन बोटांत धरून चोळलं, पुन्हा चोळलं. नवरा मागे उभा होता, म्हणाला, "यात हाड कुठंय गं?" मी त्याच्यावर खेकसले. "बारीक दळलं असेल, तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

आणि दुसऱ्या दिवसापासून शी बदलली. काळपट, मऊ, घाण वासाची. तो कागद फ्रिजवर डोळ्यांसमोर होता. दीड महिना, रोज सकाळी सहा वाजता, वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन ती शी मीच उचलत होते. माझ्या हाताला रोज कळत होतं. त्याला विचारलं तर उत्तर तयार: "डिटॉक्स चालू आहे काकू, आधीच्या खाण्याचं विष बाहेर पडतंय." ग्रुपवर विचारलं तर दहा जणांनी धीर धरा म्हणून हात जोडलेले पाठवले. एकाने माझ्यासारखीच तक्रार केली, तो दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये नव्हता. ज्या ग्रुपमध्ये एकही तक्रार दिसत नाही तिथे पैसे भरू नका.

चौथ्या खेपेच्या सुमाराला गोट्या जिन्यावर थांबायला लागला. पुढचे पाय मनगटापाशी वाकडे, चालताना लंगडायचा, उचलला की केकाटायचा. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं फिकट, कडा कागदासारख्या पातळ. त्यांनी विचारलं, "नुसतं मांस देताय का?" मी म्हटलं, नाही हो, हाडासकट दळलेलं देतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट आणायला सांगितलं आणि ते गोठलेलं पाकीटच एक्स-रेच्या टेबलावर ठेवलं. हाडाचा कण असता तर पांढरा ठिपका दिसला असता. स्क्रीनवर राखाडी ढग होता. एकसुद्धा ठिपका नव्हता.

त्यांनी समजावलं ते सगळ्या पिल्लूवाल्यांनी नीट वाचा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते मिळालं नाही की रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. मोठा कुत्रा काही महिने काढतो, वाढतं पिल्लू काही आठवड्यांत वाकतं. ज्याला मी बाळ म्हणून खाऊ घालत होते त्याची हाडं माझ्याच हातच्या खाण्याने विरघळत होती.

त्यांनी हेही विचारलं की घरी लहान मूल येतं का. येतं, नणंदेची तीन वर्षांची नात. कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो, म्हणजे माणसालाही जुलाब-ताप आणणारा जंतू, आणि गोठवल्याने तो मरत नाही, फक्त थांबतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, त्यांतल्या १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हा दुसरा घातक जंतू सापडला. हे मला पैसे भरण्याआधी एकाने तरी सांगायला हवं होतं. ते पातेलं मी आमच्याच भांड्यांत धूत होते.

त्याला फोन केला. आधी "प्रवासात आहे", मग "तुमच्या डॉक्टरांना कंपन्या कमिशन देतात", मग फोन बंद. पाचवी खेप आलीच नाही. १०८ किलोचे पैसे, आले ३६, त्यातलं खाण्यालायक ९.

आता चौकी. मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा साहेब हसले. "मॅडम, माल आला ना? मग फसवणूक कसली? क्वालिटीचा वाद आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, हाड आहे सांगून हाड नसलेलं विकलं, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ काय शोभेला आहे का? तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि पोच दिली. गुन्हा नाही. सायबर हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे जाऊन दोन महिने झाले, आणि पिन तुम्हीच टाकलात. बँकेने तेच वाक्य ऐकवलं. लेबलवर अन्न परवान्याचा नंबर होता म्हणून त्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी अंक मोजले. तेरा. परवाना चौदा अंकी असतो. म्हणजे नंबर खोटाच. तर म्हणाल्या, "पण आमच्याकडे माणसांचं अन्न येतं, कुत्र्यांचं नाही." खोटा सरकारी नंबर छापलाय हे त्यांना दिसत होतं, माझ्या हातात पाकीट होतं, पण दखल घ्यायची नाही. पशुसंवर्धनच्या कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे रोग आणि लसी. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं भारतीय मानक आहे, आयएस ११९६८, पण माझ्या पाकिटाला हात लावायला एकही माणूस तयार नव्हता. पाच कार्यालयं, अकरा हेलपाटे, भर पावसात, आणि प्रत्येक टेबलावर तेच अर्धवट हसू. माझा कुत्रा म्हणजे यांना करमणूक वाटली. पैसे माझ्या निवृत्तीचे होते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारून घ्या. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखं "देईल, देईल" म्हणत बसू नका. स्वतःला पोषणतज्ज्ञ म्हणवणाऱ्याला पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, खऱ्या पशुवैद्याकडे तो असतोच. सहा महिन्यांचे पैसे एकदम कुणालाही देऊ नका. आणि कच्चं देणारच असाल तर प्रत्येक पाकिटात बोटं घाला, फक्त पहिल्याच नाही.

गोट्या आता पिल्लांच्या संतुलित खाद्यावर आहे. सहा आठवडे जिना, उड्या बंद होत्या. डावा पाय सरळ झालाय, उजवा अजून थोडा बाहेर पडतो. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे, त्याचा आणि पाकिटाचा, सही करून दिलेत. चार पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. पुण्यात ज्यांच्याकडे पांढरी, निळ्या पंजाची पाकिटं आली असतील त्यांनी ती फेकू नका, लेबलचा फोटो काढा, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपा आणि मला कळवा. त्या दोघांनाही मी स्वतः फोन केलाय, ज्यांनी माझा फोटो बघून पैसे भरले. एक जण बोलला, दुसरीने फोन उचलला नाही. तिचंही पिल्लू पाच महिन्यांचं आहे.