आधी दोन तुकड्या, की प्रत्येक कामाला जोडीदार?

महासाथीतही काम चालू ठेवायचं म्हटलं की छोट्या व्यावसायिकाला बहुधा दोन सल्ले मिळतात. एक, माणसांच्या दोन तुकड्या करा आणि त्यांची गाठच पडू देऊ नका. दुसरा, प्रत्येक काम किमान दोघांना शिकवा. दोन्ही बरोबर आहेत. प्रश्न आहे तो आधी काय करायचं याचा.

अमेरिकी सरकारने २००६ मध्ये फ्लूच्या महासाथीचं नियोजन केलं, तेव्हा तीव्र साथीच्या ऐन भरात ४० टक्क्यांपर्यंत कर्मचारी गैरहजर राहू शकतील असं धरलं होतं. त्यात आजारी माणसं होती, घरच्यांची शुश्रूषा करणारी होती आणि धास्तीने घरी थांबणारीही होती. शिवाय हे एकदाच होऊन संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ ला उठली. म्हणजे योजना पंधरवड्याची करून भागत नाही.

तुकड्यांचा फायदा उघड आहे. एकीत लागण झाली तर ती घरी बसते, दुसरी काम ओढते. पण दोघींचं जेवण, गाडी, विश्रांतीची खोली, सगळं वेगळं हवं. ही व्यवस्था फसते ती पाळी बदलताना. जाणारे सामान आवरत असतात, येणारे दारात उभे असतात आणि दहा मिनिटं गप्पा होतात. मधे अर्धा तास मोकळा ठेवा, खिडक्या उघडा, कामाची माहिती वहीत लिहून किंवा फोनवर द्या. शिवाय एका वेळी निम्मीच माणसं हजर असतात, त्याचा खर्च सोसावा लागतो.

जोडीदार तयार करायला वेळ जातो आणि हे साथ येण्याआधीच करावं लागतं. एका कागदावर कामं खाली-खाली लिहा, माणसांची नावं आडवी लिहा आणि ज्याला जे येतं तिथे खूण करा. ज्या ओळीत एकच खूण, तिथे धंदा अडणार. बऱ्याचदा ती ओळ पगाराची किंवा बँकेची निघते, कारण ओटीपी एकाच फोनवर येतो. मात्र सगळे एकाच खोलीत बसत असतील, तर काम येणारा आणि त्याचा जोडीदार एकाच आठवड्यात आजारी पडू शकतात.

घरून काम हा तिसरा पर्याय हिशेब, पत्रव्यवहार अशा कामांपुरताच. जिथे प्रत्यक्ष हाताने काम करावं लागतं तिथे तो चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दहापेक्षा कमी माणसं असतील तर जोडीदार आधी. एकूण पाच जणांना दोन तुकड्यांत वाटलं आणि पगार एकालाच करता येत असेल, तर तो आजारी पडल्यावर दुसरी तुकडी ठणठणीत असूनही महिनाअखेर पगार होणार नाहीत. वीस-पंचवीस जण असतील आणि बहुतेक कामं दोघा-तिघांना येत असतील, तर तुकड्या लगेच करा. जोडीतला एक इकडे, एक तिकडे.

व्यावसायिकांना मदत करणाऱ्यांनी नुसता छापील तक्ता देऊन निघू नये. मालकाला एक दिवस फोन बंद ठेवून घरी बसायला सांगावं आणि काम कुठे अडलं ते संध्याकाळी सगळ्यांसोबत लिहून काढावं.