चार फेरीबोटी आणि आईची दाभोळची बोट

मुंबईहून गुहागरला जायला चिपळूणचा रस्ता सोयीचा. तरी या खेपेस आम्ही किनारा धरून, वाटेतल्या फेरीबोटी घेत गेलो. कारण आई. वय चौऱ्याऐंशी, माहेर अंजनवेलकडचं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, दाभोळला उतरायचं आणि होडीने खाडी ओलांडून वेलदूर गाठायचं, हाच तिचा माहेरचा रस्ता. पुढे चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या, ऐंशीच्या दशकात तीही वाहतूक आटोपली. आता त्या बाजूला जायला काय उरलंय, ते बघायचं होतं.

पहिली, मांडव्याची रो-रो. 2020 पासून सुरू आहे. गाडी पोटात, माणसं वर, तासाभरात मांडवा. स्वच्छ, थंडगार, चहा बरा. आईचं लक्ष मात्र लाइफ जॅकेटं कुठे ठेवलीत इकडे. 17 जुलै 1947 ला 'रामदास' ही बोट याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आई तेव्हा लहान होती, पण त्यानंतर तिची आजी देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय घरातल्या कुणाला बोटीत चढू देत नसे. "आता बरंय गो, दारं लावून घेतात," एवढं बोलून तिने चहा मागवला.

आगरदांडा ते दिघी ही फेरी सगळ्यांत देखणी, जंजिरा नजरेत राहतो. बागमांडला ते वेश्वी, सावित्रीवरची, छोटी आणि झटपट. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

हर्णैला फेरीबोट नाही, तरी आईने गाडी थांबवायला लावली. इथे बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. सुवर्णदुर्गाच्या आसपास समुद्रातच उभी राहायची. होड्या येऊन चिकटायच्या, लाट वर आली की खलाशी दंडाला धरून माणूस खाली सोडायचा. आधी पोरं, मग बोचकी, मग नऊवारीतल्या बायका. लाट चुकली की पुढच्या लाटेपर्यंत तसंच लोंबकळायचं. हे सांगताना आई इतकी हसत होती की लिलावाची मासळी बघायला आलेली माणसं वळून बघू लागली.

आणि मग दाभोळ ते धोपावे. 2003 साली ही सुरू झाली, किनाऱ्यावरच्या या गाड्या नेणाऱ्या फेऱ्यांतली जुनी. धक्क्याजवळच सतराव्या शतकातली मशीद आहे, बोटीला वेळ असेल तर बघाच. वाशिष्ठीचं मुख काही मिनिटांत ओलांडतो आणि चिपळूणचा सगळा वळसा वाचतो. कर्मचारी गाड्या इतक्या खेटून लावतात की दार उघडताना पोट आत घ्यावं लागतं, पण ओरखडा नाही. गाडीवाल्यासाठी पाचपैकी साडेचार.

आईचा निकाल वेगळा. "ही बोट कसली, हा तर तरंगता रस्ता!" मला ते पटलं. जुनी बोट किनाऱ्याला समांतर चालायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, थेट पणजी. ट्रंक आणि वळकटी घेऊन डेकवर चादर पसरणाऱ्या माणसासाठी होती ती. आजची फेरी फक्त आडवी जाते, दोन रस्त्यांना टाका घालते. पायी येणाऱ्यालाही घेतात, तिकीटही किरकोळ, पण पलीकडे उतरल्यावर त्याच्यापुढे नुसता चढ. आमच्याबरोबर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरल्या आणि रिक्षाची वाट बघत राहिल्या. आईने जावईबापूंकडे बघितलं, मागच्या सीटवरच्या पिशव्या माझ्या मांडीवर आल्या आणि त्या बाई गुहागरपर्यंत आमच्याबरोबर आल्या.

तेव्हा पायी जाणार असाल तर पुढच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या. गाडीने जाणार असाल तर मे महिना आणि गणपतीचे दिवस टाळा, रांग लागते. एका दिवसात चारही फेऱ्या होतात, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर हर्णै किंवा दापोलीला मुक्काम करा. आईला आता तवसाळहून जयगडची पण करायची आहे, दिवाळीनंतर.