दोन महिन्यांसाठी दिलेली जागा

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी, रस्त्याला लागून, वडिलांच्या नावावर चार गुंठे मोकळी जागा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात शेजारच्या गृहस्थांनी घराच्या बांधकामाचे सिमेंट आणि सळ्या ठेवण्यासाठी दोन महिने पत्र्याची शेड टाकू द्यावी, अशी विनंती केली. आम्ही पुण्यात राहतो, जागा पडूनच होती, म्हणून वडिलांनी तोंडी होकार दिला. पुढे शेडला वीजजोडणी हवी म्हणून ते नाहरकत टाइप करून घेऊन आले. शंभर रुपयांच्या त्या मुद्रांकावर वडिलांनी चहा घेता घेता, चष्मा न लावता सही केली. ‘सदर जागा लिहून घेणार यांच्या बऱ्याच वर्षांपासून ताबे वहिवाटीत असून’ (म्हणजे जागा बऱ्याच वर्षांपासून शेजाऱ्यांच्याच ताब्यात आणि वापरात आहे) ही त्यातली ओळ आम्ही वाचली ती दीड वर्षाने, शेडच्या जागी विटांच्या भिंती आणि वर स्लॅब उभा राहिल्यावर.

सातबारा आपल्या नावावर आहे, या समाधानात आम्ही नको तितके निर्धास्त राहिलो. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून परत पाठवण्यात आले. वास्तविक रीतसर शिरून नंतर त्रास देण्याच्या हेतूने बेकायदा ठाण मांडणे हेही भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ नुसार फौजदारी अतिक्रमणात येत होते, पण तो हेतू सिद्ध करणे सोपे नसते. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली, मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. मात्र ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो, आणि ते सहा महिने आम्ही गावातल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकांत घालवले. आता मालकीच्या आधारे दावा चालू आहे.

शेजाऱ्यांच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, दोन्ही गोष्टी आहेत: जागा पूर्वापार त्यांच्याच ताब्यात होती, आणि परवानगी मिळाल्यावर त्यांनी पक्के बांधकाम केले, सबब १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे ती परवानगी मागे घेता येत नाही. ताबा पूर्वापार होता तर परवानगी कशाला मागितली, याचे उत्तर त्यात नाही. परवानगी सिमेंट ठेवण्यापुरती होती, घर बांधण्यासाठी नव्हती, हे आम्हाला सिद्ध करायचे आहे. कागद एकच आहे, आणि त्यावर सही वडिलांची आहे.