पातळ सोलचे झिरो ड्रॉप शूज: पाय मोकळे होतात, पण पोटरीला वेळ द्या

बरेच महिने हे शूज वापरतेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सोल जेमतेम काही मिलीमीटरचा, कुशन नाहीच, आणि ड्रॉप शून्य, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर. साध्या रनिंग शूजमध्ये टाच बरेचदा 8 ते 12 मिलीमीटर वर असते आणि पोटरीला त्याची इतकी सवय झालेली असते की सपाट सोल घालून पळलं की सगळ्यात आधी तीच कुरकुरते.

सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर पुढचा भाग. मस्त रुंद आहे, अंगठा सरळ राहतो, करंगळी चेपत नाही, बोटं पसरून जमीन धरतात. खालचा खडा, उतार, ओलावा सगळं तळव्याला कळतं आणि मग पाऊल आपोआप छोटं आणि हलकं पडायला लागतं, लांब टांग टाकून टाच आपटायची सोयच राहत नाही.

पण बॉक्सवर ‘दुखापत टाळा’ असं छापलंय ते मला अजिबात पटलेलं नाही. 2010 साली हार्वर्डचे संशोधक डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता, त्यात सवयीने अनवाणी पळणारे बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर उतरताना बसतो तसा झटका त्यांना बसत नाही असं दिसलं. लोकांनी त्याचा अर्थ अनवाणी पळा म्हणजे दुखणंच नाही असा लावला, जे त्यात तपासलेलंच नव्हतं! भार कुठे गायब होत नाही हो, गुडघ्यावरचा थोडा कमी होतो आणि पोटरी, अकिलिस टेंडन (टाचेमागची जाड शीर) आणि चवड्याच्या लांब हाडांवर जातो. पाच बोटांचे शूज विकणाऱ्या व्हिब्रमने असल्याच दाव्यांवरून झालेला अमेरिकेतला खटला 2014 मध्ये 37.5 लाख डॉलर देऊन मिटवला, चूक मात्र मान्य केली नाही. आणि इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं उदाहरण तर प्रत्येक जण देतो, 1960 ला रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. खरंच थोर माणूस. पण 1964 ला टोकियोत तोच शूज घालून 2:12:11 मध्ये धावला हे कोणी सांगत नाही.

म्हणून घेणार असाल तर आधी नुसतं चालायला वापरा, घरात, बाहेर, जमेल तितकं. मग नेहमीच्या शूजमध्ये पळून झालं की शेवटी थोडंसं यात, आणि लांबची रन जुन्याच शूजमध्ये ठेवा. चवड्यावर उतरायचं म्हणून टाच हवेत धरून पळू नका, ती हलकेच खाली टेकू द्या, नाहीतर पोटरी दिवसभर आखडून राहते. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वर-खाली करायचा व्यायाम मला तरी सगळ्यात उपयोगी पडला. पोटरी दोन्ही पायांत सारखी दुखतेय आणि एक-दोन दिवसांत उतरतेय तर ठीक. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या भाराने हाडाला जाणाऱ्या बारीक तड्याची) सुरुवात अशीच असू शकते. सकाळी उठल्यावर टाचेमागची शीर ताठ वाटली तर त्या आठवड्यात अंतर कमी करा, ओढून ताणून काही होत नाही. डायबिटीसमुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल त्यांनी मात्र हे घेऊच नयेत, काही टोचलं तर कळणारच नाही.

बाकी बारीकसारीक: ओल्या फरशीवर ग्रिप कमी पडते, इनसोल सरकतो (मी काढूनच टाकला, फरक पडला नाही), सॉक्सशिवाय घातले तर वास येतो, आणि करंगळीजवळची शिलाई लवकर उसवायला लागलीय. सोल मात्र छान टिकलाय, दबायला फोमच नाही ना. साइज संध्याकाळी बघा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा.

5 पैकी 4. एक स्टार शिलाईचा आणि बॉक्सवरच्या त्या दाव्याचा कापला. आत्ता गुडघा किंवा अकिलिस दुखतंय म्हणून औषधासारखे घेणार असाल तर थांबा, आधी ते दुखणं बघून घ्या.