डेथ व्हॅली की जोशुआ ट्री? लहान पोरं घेऊन तंबूत राहायचं असेल तर

ऑक्टोबर लागला की बे एरियातल्या (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत एकच विषय सुरू होतो, सुट्टीत वाळवंटात जायचं, तंबू ठोकायचा, थोडं हायकिंग करायचं, पण डेथ व्हॅलीला की जोशुआ ट्रीला? दोन्ही कॅलिफोर्नियातल्या वाळवंटातली नॅशनल पार्क. आम्ही दोन्हीकडे राहून आलोय म्हणून फोन मला येतात. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. उन्हाळ्यात जायचं नाही, टोप्या घ्यायच्या, फोनला रेंज नसते म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवायचे वगैरे तुम्हाला माहितीये असं धरून चालतो.

आधी आमची टीम सांगतो कारण सगळं त्यावरच ठरतं. मी, बायको, मोठा तेव्हा आठ वर्षांचा आणि धाकटी साडेतीनची. धाकटी म्हणजे पाच पट्ट्यांच्या कार सीटवाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

ड्राइव्हमध्ये फार डावं-उजवं नाही. फ्रीमाँटहून सकाळी लवकर निघालात तरी दोन्हीकडे पोचेपर्यंत अख्खा दिवस जातो. बेकर्सफील्ड, तेहाचपी करत ५८ नंबरच्या हायवेने मोहावीपर्यंत रस्ता एकच, तिथून डेथ व्हॅलीवाले १४ ने वर रिजक्रेस्ट आणि ट्रोनाकडे वळतात आणि जोशुआ ट्रीवाले सरळ बारस्टो गाठून २४७ ने खाली युका व्हॅलीत उतरतात. डेथ व्हॅलीचा शेवटचा टप्पा जास्त भारी आहे हे मान्य करायलाच पाहिजे, पॅनामिंटची दरी ओलांडून टाउन पासला जवळपास पाच हजार फूट चढायचं आणि मग पलीकडे जे उतरत जायचं ते थेट समुद्रसपाटीच्याही खाली, कानाला दडे बसतात आणि खाली पांढरं काहीतरी पसरलेलं दिसतं ते मीठ असतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते डेथ व्हॅलीला, डिसेंबरात. फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडला जागा मिळाली होती (सहा महिने आधी बुकिंग उघडतं, त्या दिवशी सकाळी लॅपटॉपसमोर बसायची तयारी ठेवा). आणि सोयीच्या बाबतीत खरं सांगायचं तर या जागेला तोड नाही. नळाला पाणी, फ्लशचे संडास, जवळच दुकान, पैसे भरले तर आंघोळीची सोय. शिवाय ही जागा समुद्रसपाटीच्या १९० फूट खाली, त्यामुळे डिसेंबरातसुद्धा रात्री नुसती गुलाबी थंडी होती, धाकटीने स्लीपिंग बॅग लाथाडून दिली होती. बायको म्हणाली, हे काय वाळवंट, हे तर महाबळेश्वर.

आणि बघायला जे आहे ते असं की शब्द अपुरे पडतात. झब्रिस्की पॉइंटचा सूर्योदय, मोझेक कॅन्यनमधला गुळगुळीत संगमरवर ज्यावरून पोरं घसरगुंडी करतात, गोल्डन कॅन्यनच्या पिवळ्या भिंती, बॅडवॉटरला वर कड्यावर लावलेली 'सी लेव्हल'ची पाटी, मान वर करून बघितली की आपण २८२ फूट खाली उभे आहोत हे एकदम पोटात समजतं. रात्रीचं आकाश तर विचारूच नका. मृग, कृत्तिका, व्याध हे मी लहानपणी गावाला गच्चीवर झोपून बघायचो त्यानंतर थेट इथे दिसले तसे.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा की हे सगळं एकमेकांपासून लांब आहे. हे पार्क तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं. फर्नेस क्रीकहून बॅडवॉटर १७ मैल, मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या उलट्या दिशेला साधारण २५ मैल, उबेहेबे क्रेटर त्याच्याही पुढे, जायला तासाच्या वर. नकाशावर हे काहीच वाटत नाही. आम्ही आदल्या दिवशी एवढा दिवसभर ड्राइव्ह करून आलो होतो ते गाडीतून सुटका व्हावी म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गाडीतच.

आता कार सीट. ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं पोर आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. थांबलो की जॅकेट काढा, पट्टे सोडा, बूट घाला, उतरा, वीस मिनिटं फिरा, परत या, बूट झटका, बसवा, ती धनुष्यासारखी ताठ होणार, तिला मनवा, पट्टे लावा, क्लिक, खालचं क्लिक, छातीवरचं क्लिक, चला. मी त्या दिवशी मोजलं होतं, अकरा वेळा. झब्रिस्की, गोल्डन कॅन्यन, आर्टिस्ट्स पॅलेट, डेव्हिल्स गोल्फ कोर्स, असं करत करत बॅडवॉटरला पोचलो तेव्हा ती नेमकी झोपली. मग बायको आणि मोठा मिठावर दूरवर चालत गेले आणि मी उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात खोल जागी गाडीचं दार अर्धं उघडं ठेवून चिवडा खात बसलो.

आणि त्यावर कळस म्हणजे संध्याकाळी मेस्किटच्या टेकड्या. पोरांना एवढी मजा आली की विचारू नका, लोळले, उड्या मारल्या, वाळूत एकमेकांना पुरलं. अंधार पडायला लागला, वारा सुटला, गाडीशी आलो, धाकटीला बसवलं आणि खालचं बकल लागेना. आत वाळू गेली होती. दाबतोय, हलवतोय, नाही म्हणजे नाही. बकल न लावता पंचवीस मैल जाणं शक्यच नव्हतं. बायकोने टूथपिकने कोरून बघितलं, मी फुंकर मारून डोळ्यात वाळू घेतली, धाकटी भुकेने रडतेय, मोठा आपला 'बाबा, सुसाट कोल्हा!' म्हणून कायोटी दाखवतोय. शेवटी मोठ्यालाच सुचलं की एअर मॅट्रेसचा बॅटरीवाला पंप आहे ना. सीट उलटी करून त्याने हवा मारली, बचकभर वाळू निघाली आणि क्लिक झालं. तो आवाज मला अजून आठवतो. पण त्या पाऊण तासात पार्किंगमध्ये उभं राहून माझं डेथ व्हॅलीबद्दलचं मत बनून गेलं ते गेलं, नंतर त्या दरीने कितीही सूर्योदय दाखवले तरी.

आता कोणी म्हणेल की बाबा रे, हा दोष कार सीटचा, डेथ व्हॅलीचा नाही. बरोबर आहे. मोठं पोर असलेल्यांना हे सगळं हसण्यासारखं वाटेल.

जोशुआ ट्रीला गेलो पुढच्या मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकला, जंबो रॉक्स कॅम्पग्राउंड. नाव अगदी शब्दशः घ्या. गाडी लावायची आणि मागे लगेच खडक, हंपीला जसे एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे आहेत ना तसेच, फक्त इथे त्यांच्या मधोमध तुमचा तंबू. हा ग्रॅनाइट जमिनीखाली थंड होऊन तडकला, पाण्याने त्याचे कोपरे झिजले आणि वरची माती वाहून गेल्यावर हे गोल गोल धोंडे उघडे पडले. पण पोरांना भूगर्भशास्त्राशी काय देणंघेणं, त्यांना चढायला मिळालं. खडक हाताला खरखरीत, बूट घसरत नाही, साडेतीन वर्षांचं पोर चार हातापायांवर जिथवर चढेल तिथवर आपणही मागे उभं राहू शकतो. सकाळी चहा होईपर्यंत पोरं खडकावर, जेवण होईपर्यंत खडकावर, पहिल्या दिवशी आम्ही गाडीची किल्ली हातातच घेतली नाही. स्कल रॉकला तर कॅम्पमधूनच चालत गेलो. वारा इथेही सुटतो, पण खडकाच्या आडोशाला तंबू लावला की तो डोक्यावरून जातो.

चालायचे ट्रेलही असेच आटोपशीर. हिडन व्हॅली एक मैलाचा गोल, बार्कर डॅम जेमतेम त्याच्याच एवढा. मोठ्याला घेऊन मी एकटा रायन माउंटनला गेलो, जाऊन-येऊन तीन मैल आणि हजारेक फूट चढ, सिंहगड चढलेल्या माणसाला काही नाही, पण वर वारा असतो. ज्या झाडावरून नाव पडलं ते खरं तर युकाच्या जातीतलं, त्याच्या खोडात वर्तुळं नसतात म्हणून वय नीट काढता येत नाही, हे मोठ्याने पार्कच्या मुलांसाठीच्या ज्युनिअर रेंजर पुस्तकात वाचून आम्हाला तीन दिवस ऐकवलं. चोया कॅक्टस गार्डनला मात्र एक फणी खिशात ठेवा. तो काटेरी गोळा बुटाला चिकटला की हाताने काढायचा नाही, फणीने उडवायचा, हे तिथे भेटलेल्या एका आजोबांनी शिकवलं.

आता जोशुआ ट्रीचा त्रास, तोही लहान नाही. जंबो रॉक्सला पाणी नाही. नळ नाही, काही नाही, संडास खड्ड्याचे. पार्कात ब्लॅक रॉक आणि कॉटनवुडला नळ आहेत, पण मग ते खडक तसे दारात नाहीत. आम्ही युका व्हॅलीतून पंधरा गॅलन भरून घेतलं, तीन रात्रींना चौघांत कसंबसं पुरलं आणि त्याचं कारण पिठलं. बायकोने नको म्हणून सांगितलं होतं, मी हौसेने केलं, ते पातेल्याला लागलं आणि एक गॅलन त्या पातेल्यावर गेलं. तेव्हापासून आमचा नियम असा की जोशुआ ट्रीला फक्त मेतकूट-भात, घरून करून नेलेली थालीपीठं आणि पेपर प्लेट. सरपण पण बाहेरूनच घ्यायचं, आत मिळत नाही आणि वेचायचीही परवानगी नाही.

थंडीही जास्त. जागा चार हजार फुटांच्या वर, मार्चमध्ये सुद्धा सकाळी तंबूच्या कापडावर बर्फाची बारीक साय होती. ख्रिसमसला तिथे लहान मुलांना घेऊन तंबूत राहायचं माझं तरी धाडस होणार नाही, तेव्हा डेथ व्हॅलीच बरी. आणि गर्दी. शनिवारी दहा-अकराला पश्चिमेच्या गेटवर गाड्यांची रांग बघून बायकोला लोणावळ्याची आठवण आली. ट्वेंटीनाइन पाम्सच्या बाजूने या, जंबो रॉक्सला तिकडून जवळही पडतं. रात्री पश्चिमेला शहरांचा उजेड दिसतो, त्यामुळे आकाशाचे मार्क डेथ व्हॅलीलाच.

म्हणजे कागदावर मांडलं तर पाणी, संडास, ऊब, आकाश, भव्यता सगळं डेथ व्हॅलीकडे जातं आणि जोशुआ ट्रीकडे राहतात फक्त दगड. तरी आम्ही त्यानंतर दोनदा गेलो ते जोशुआ ट्रीलाच. पोरं लहान असतील तर मी तरी तेच सुचवेन, अर्थात तुमची पोरं गाडीत शांत बसणारी असतील तर माझं ऐकू नका, अशी पोरं असतात असं ऐकून आहे.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर मात्र उलटं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खडकांचा काय उपयोग, त्यांना डेथ व्हॅलीत गाडीतून उतरून चार पावलांवर सगळं दिसतं, डँटेज व्ह्यूला तर पार्किंगमधूनच अख्खी दरी. फक्त तंबू नको, खोली घ्या. आणि निघायच्या आधी रस्ते उघडे आहेत का ते पार्कच्या साइटवर बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात जवळजवळ वर्षाचा पाऊस पाडला तेव्हा पार्क दोन महिने बंद होतं.

माझी आई पुढच्या फेब्रुवारीत येतेय, तिला मीठ बघायचंय, तेव्हा आम्हीही परत डेथ व्हॅलीला जाणार आहोत. धाकटी आता मोठ्या मुलांच्या बूस्टर सीटवर बसते आणि पट्टा तिचा तीच लावते. पंप तरी घेतोय बरोबर.