निपाणीहून आईला न्यायचं कुठं, बेळगावला की कोल्हापूरला?

निपाणी कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, त्यामुळं स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या लागतात. बेळगाव साधारण 75 किलोमीटर, वाटेत तवंदीचा घाट. सीमेजवळचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास. घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की आमच्या भागात पहिला वाद हाच. मी आईला दोन्हीकडं घेऊन फिरले आहे, म्हणून लिहिते.

पैशाचं बघाल तर बीपीएल रेशनकार्ड असणाऱ्याला बेळगाव परवडतं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. एपीएल कार्डाला खर्चाच्या 30 टक्केच, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. खासगीत जायचं तर बहुतेक उपचारांना आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. तातडीच्या वेळी लागत नाही. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, थेट गेलात तर ही धावपळ वाचते. शिवाय शक्ती योजनेमुळं 2023 पासून बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसला तिकीट नाही.

कोल्हापुरात सरकारी दवाखाना म्हणजे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं हरकतही घेतली. गाव यादीत असलं तरी निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारून घ्या, आपली कुठली कागदपत्रं चालतील. नाहीतर तिथं पोचून आपण खिडक्या हिंडतो आणि आजारी माणूस बाकावर बसून राहतं.

पण माझ्या लेखी खरा फरक भाषेचा आहे. बेळगाव शहरात मराठी बोलणारे डॉक्टर भरपूर आहेत. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या दवाखान्यात मात्र पहिल्यांदा तपासतो तो लांबून शिकायला आलेला पोरगा. तो मन लावून विचारतो, पण कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत. आईला गुडघ्यात ‘ठणका’ असतो, कमरेत ‘चमक’ भरते, पायाला ‘मुंग्या’ येतात. हिंदीत या तिन्हीचं ‘दर्द’ होतं. मुंग्या येतात म्हटल्यावर मधुमेहाच्या माणसाचे पाय तपासायला हवेत, आणि नेमकी तीच गोष्ट राहून जाते. आई माझी बाही ओढायची, “त्यास्नी सांग की गं, दुखत न्हाई, मुंग्या येत्यात.”

एका दवाखान्यातून आम्ही थायरॉइडची गोळी आणली. पाकिटावर कन्नडमध्ये लिहिलेलं. आईला मराठी वाचता येतं, कन्नड येत नाही, आणि मीही विचारलं नाही. तीन महिने ती गोळी चहा-भाकरीबरोबर पोटात गेली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, खाली येईना, म्हणून डोस वाढवला. शेवटी कन्नड शाळेत जाणाऱ्या शेजारच्या पोरानं पाकीट वाचलं, “आज्जी, ‘खाली होट्टे’ लिहिलंय. उपाशीपोटी घ्यायची ही.” जाणीवपूर्वक कुणीच चुकलं नव्हतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. औषधाच्या पाकिटावर रुग्णाला वाचता येईल अशी एक ओळ हवी, हे मागणं फार मोठं नाही.

म्हणून महिन्याच्या महिन्याला चालणारं दुखणं, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, यासाठी मी भाड्याचे पैसे घालून कोल्हापूर निवडेन. तिथं आई स्वतः बोलते, स्वतः ऐकते. एकदाच करायचं ऑपरेशन असेल आणि कार्ड चालत असेल तर बेळगाव, मात्र कन्नड येणारं माणूस सोबत हवंच. छातीत भरून आलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला तर भाषा आणि कार्ड बाजूला ठेवा, 108 ला फोन करा, जवळ असेल तिथं पोचा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हा हिशेब निपाणीच्या बाजूचा. खानापूरवाल्यांना बेळगावच जवळ. कागवाडकडची माणसं मिरजेला जातात, 1894 सालच्या मिशन हॉस्पिटलपासूनची ती वाट आहे.

आईची थायरॉइडची तपासणी आता कोल्हापुरात होते. डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात, कार्डावर केलं. सोबत मावशी होती, तिला कन्नड येतं. पाकिटं तिनं तिथंच वाचून घेतली आणि प्रत्येकावर पेनानं मराठीत लिहिलं.